पोस्टडॉक कसा मिळतो? मराठवाड्यातील पीएचडीधारकांसाठी पहिल्या ईमेलपासून रुजू होण्यापर्यंतची माहिती

पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जमा झाला की घरी पेढे येतात आणि त्याच सुमारास फेलोशिप थांबते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती असो किंवा यूजीसीची जेआरएफ, या साऱ्या योजना पीएचडीपुरत्या असतात. पुढे काय, या प्रश्नाचे छत्रपती संभाजीनगरमध्ये बहुतेकांना ठाऊक असलेले उत्तर एकच आहे: एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि सहायक प्राध्यापकाच्या भरतीची वाट पाहायची.

याशिवाय आणखी एक वाट आहे, ती म्हणजे पोस्टडॉक. ती अवघड आहे, पण केवळ मोठ्या शहरातल्या किंवा आयआयटीतल्या मुलांसाठी राखीव नाही. मात्र तिची एक अट अनेकांना उशिरा कळते. पोस्टडॉकची तयारी पीएचडी झाल्यावर नव्हे, तर प्रबंध जमा करण्याच्या साधारण वर्षभर आधी सुरू करावी लागते.

पोस्टडॉक म्हणजे नेमके काय?

पोस्टडॉक ही पदवी नाही आणि कायम नोकरीही नाही. पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी, बहुधा एक ते तीन वर्षे, एखाद्या अनुभवी संशोधकाच्या गटात राहून पूर्णवेळ केलेले संशोधन म्हणजे पोस्टडॉक. त्या काळात मानधन मिळते. परीक्षा नसते आणि नवा प्रबंधही लिहायचा नसतो. शेवटी हाती उरतात ते शोधनिबंध, शिकलेली नवी तंत्रे आणि ओळखीची माणसे.

प्राध्यापक भरतीतही त्याला वजन आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २ गुण आणि कमाल १० गुण ठेवले आहेत. म्हणजे पोस्टडॉकची दोन वर्षे या तक्त्यात वाया जात नाहीत. उलट त्या काळात निबंध झाले, तर प्रकाशनांच्या रकान्यातही भर पडते.

दोन दारे: प्रोजेक्टमधली जागा आणि स्वतःची फेलोशिप

पोस्टडॉक मिळवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. त्यांतला फरक कळला की निम्मा गोंधळ संपतो.

पहिला मार्ग प्रोजेक्टचा. एखाद्या प्राध्यापकाला सरकारकडून किंवा अन्य संस्थेकडून संशोधन प्रकल्प मिळालेला असतो आणि त्यात रिसर्च असोसिएटची जागा मंजूर असते. तिची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते, मुलाखत होते आणि निवड होते. विषय प्राध्यापकाचा असतो. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जून २०२३मध्ये सुधारलेल्या दरांनुसार रिसर्च असोसिएटला तीन पायऱ्यांवर दरमहा ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये मिळतात, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. हा भत्ता शहराच्या श्रेणीवर ठरतो. पुणे आणि मुंबई ‘एक्स’ श्रेणीत आहेत, तर छत्रपती संभाजीनगर ‘वाय’ श्रेणीत.

दुसरा मार्ग फेलोशिपचा. इथे संशोधनाचा प्रस्ताव उमेदवार स्वतः लिहितो, पैसे देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करतो आणि निवड झाल्यावर पैसे त्याच्या नावाने येतात. त्यासाठी एखाद्या यजमान प्राध्यापकाने आणि त्याच्या संस्थेने ‘हा उमेदवार आमच्याकडे काम करू शकेल’ अशी लेखी संमती द्यावी लागते. या मार्गात स्वातंत्र्य जास्त, पण वेळही जास्त लागतो.

दोन्ही दारांशी एक माणूस उभा असतो, तो म्हणजे यजमान प्राध्यापक. प्रोजेक्टच्या मुलाखतीत तोच प्रश्न विचारतो आणि फेलोशिपच्या अर्जावर त्याचीच सही लागते. म्हणून पोस्टडॉकचा शोध हा जाहिरातींचा शोध कमी आणि योग्य माणसाचा शोध जास्त असतो.

घड्याळ कधी सुरू होते?

बहुतेक फेलोशिपना दोनपैकी एक मर्यादा असते: उमेदवाराचे वय किंवा पीएचडी मिळून झालेली वर्षे. केंद्राची ‘नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप’ म्हणजे एनपीडीएफ. तिची वयोमर्यादा ३५ वर्षांची ठेवली गेली आहे. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, महिला आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत असते. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिप आणि जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची पोस्टडॉकसाठीची फेलोशिप या दोन्हींत वय मोजत नाहीत, पीएचडी होऊन किती वर्षे झाली ते मोजतात. दोन्हींची मर्यादा चार वर्षांची.

मराठवाड्यातल्या उमेदवाराला ही अट इथेच नडते. अनेकांची पीएचडी नोकरी, शेती किंवा लग्न सांभाळत उशिरा पूर्ण होते. त्यानंतर ‘आधी जागा निघते का पाहू’ म्हणत तीन-चार वर्षे तासिका तत्त्वावर जातात आणि पोस्टडॉकचा विचार येतो तेव्हा एक-एक दार बंद झालेले असते.

यात आणखी एक विलंब मिसळतो. प्रबंध जमा करणे, तो परीक्षकांकडे जाणे, अहवाल येणे, मौखिकी म्हणजे व्हायवा आणि मग नोटिफिकेशन, अशा पायऱ्या असतात. प्रबंध जमा झाल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंत सारी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, अशी व्यवस्था विद्यापीठांनी करावी, असे यूजीसीची २०२२ची पीएचडी नियमावली सांगते. हे महिने रिकामे घालवायचे नसतात. एनपीडीएफसारख्या योजनेत प्रबंध जमा केलेल्या उमेदवारालाही अर्ज करता आला आहे. पदवी हाती येईपर्यंत त्याला कमी रक्कम मिळते, इतकाच फरक.

शोधनिबंध: नियम सैल, स्पर्धा तीच

२०२२च्या नियमावलीने प्रबंध जमा करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढून टाकली. पीएचडी त्यामुळे सुटसुटीत झाली, पण पोस्टडॉकचा यजमान आजही पहिल्यांदा प्रकाशनांची यादीच उघडतो.

त्या यादीत संख्येपेक्षा दर्जा पाहिला जातो. पैसे भरून चार दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकातले दहा निबंध उपयोगी पडत नाहीत. उलट ते नुकसान करतात, कारण जाणकार माणूस ती नावे ओळखतो. यूजीसीने केअर यादीही २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता संशोधकावर आणि त्याच्या गाइडवर आली आहे. पारख करायची सोपी रीत अशी: ज्या प्राध्यापकांकडे जायचे आहे, ते स्वतः कुठे छापतात ते पाहावे. तिथे पाठवलेला एक चांगला निबंध परीक्षणात असला, तरी सीव्हीत तसा स्पष्ट उल्लेख करता येतो.

यजमान कसा शोधायचा?

सुरुवात स्वतःच्या प्रबंधाच्या संदर्भसूचीपासून करावी. ज्यांचे काम वारंवार उद्धृत केले, त्यांतले कोण आज कुठे आहेत, त्यांच्या गटात कोण काम करते, गेल्या दोन वर्षांत त्यांनी काय छापले, हे पाहून वीस-पंचवीस नावांची यादी बनते. मग त्यातून सात-आठ नावे निवडावीत.

आपल्याकडे देण्यासारखे काय आहे, याचाही विचार करावा. मराठवाड्यात केलेले काम म्हणजे कमी प्रतीचे काम, हा समज उमेदवारच मनात घेऊन बसतो. प्रत्यक्षात इथले विषय जगात इतरत्र मिळत नाहीत. अजिंठा आणि वेरूळ ही दोन जागतिक वारसास्थळे याच जिल्ह्यात आहेत. सातवाहनांचे पैठण जवळ आहे, जायकवाडीचा नाथसागर आहे, दुष्काळ आणि ऊसतोड कामगारांचे स्थलांतर आहे आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे विवर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचे जे केंद्र आहे, त्याला कॅनडाचे शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांचे नाव दिलेले आहे. २००३मध्ये या पद्धतीची कल्पना मांडणारे हेच शास्त्रज्ञ. म्हणजे इथली प्रयोगशाळा आणि बाहेरचे जग यांच्यातले धागे आहेत. ते कुठे जोडलेले आहेत, हे उमेदवाराने शोधायचे असते.

परिषदांचाही उपयोग इथेच होतो. प्रमाणपत्रासाठी दहा परिषदा करण्यापेक्षा एका चांगल्या परिषदेत पोस्टर लावून तीन माणसांशी नीट बोलणे अधिक कामाचे. पुण्यात आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आणि खगोलशास्त्राची आयुका अशा संस्था आहेत. संभाजीनगरहून पुण्याला जाऊन एखादे व्याख्यान ऐकणे आणि त्यानंतर वक्त्याला भेटणे, ही मोठ्या खर्चाची गोष्ट नाही.

पहिला ईमेल

यजमानाला पाठवायचा पहिला ईमेल हा या प्रवासातला सर्वांत छोटा आणि सर्वांत महत्त्वाचा मजकूर. पन्नास जणांना एकदम पाठवलेला ‘आदरणीय सर/मॅडम’ छापाचा ईमेल ओळखायला दोन सेकंद लागतात. ‘मी अतिशय मेहनती आणि प्रामाणिक आहे’ हे वाक्यही काही सांगत नाही.

चांगल्या ईमेलमध्ये चार गोष्टी असतात आणि तो मोबाइलच्या एका पडद्यात मावतो.

१. ओळख एका वाक्यात: विद्यापीठ, विषय, प्रबंध कधी जमा झाला किंवा होणार.
२. प्राध्यापकांच्या कोणत्या निबंधामुळे लिहावेसे वाटले आणि त्यातला कोणता प्रश्न पुढे न्यावासा वाटतो.
३. स्वतःला काय येते: एखादे तंत्र, उपकरण, भाषा, लिपी, सॉफ्टवेअर किंवा क्षेत्रकाम.
४. नेमकी विनंती: अमुक फेलोशिपसाठी यजमान व्हाल का, किंवा गटात जागा निघण्याची शक्यता आहे का.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संशोधिकेने नाथसागरातल्या माशांच्या प्रजाती डीएनएवरून ओळखण्यावर प्रबंध लिहिला आहे. ‘मला मत्स्यविज्ञानात पोस्टडॉक करायचा आहे’ असे लिहिले तर ती शेकडोंपैकी एक ठरते. त्याऐवजी ती लिहिते: ‘तुमच्या निबंधात वाहत्या नदीच्या पाण्यातील डीएनएवरून प्रजाती ओळखल्या आहेत. धरणाच्या साठलेल्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्यात ही पद्धत कितपत चालेल? माझ्याकडे अशा जलाशयातील नमुने गोळा करण्याचा अनुभव आणि प्रजातींची तपासलेली यादी आहे.’ आता प्राध्यापकाला उत्तर देण्याजोगे काहीतरी मिळाले.

ईमेलसोबत दोन पानांचा सीव्ही आणि एक पानी संशोधन-कल्पना पीडीएफमध्ये जोडावी. पूर्ण प्रबंध पाठवू नये. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर एकदाच नम्र आठवण करावी. त्यानंतरही शांतता असेल, तर यादीतले पुढचे नाव घ्यावे. उत्तर न येणे हा अपमान नाही. या क्षेत्रात ते रोजचेच आहे.

देशातल्या प्रमुख योजना

एनपीडीएफ ही विज्ञान आणि अभियांत्रिकीतली मोठी योजना, दोन वर्षांची. ती आधी ‘सर्ब’ हे मंडळ चालवत असे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा म्हणजे एएनआरएफचा २०२३चा कायदा ५ फेब्रुवारी २०२४पासून लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झाले. त्यामुळे जुन्या संकेतस्थळांवरची माहिती न वापरता एएनआरएफची ताजी सूचना वाचावी.

यूजीसीने ५ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर केलेली डॉ. राधाकृष्णन पोस्टडॉक्टरल फेलोशिप विज्ञानाबरोबरच भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठीही आहे. जाहीर करताना तिच्या ९०० जागा होत्या, त्यांतल्या ३० टक्के महिलांसाठी राखीव.

सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआरची पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. मानव्यविद्येच्या संशोधकांसाठी सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेची फेलोशिपही पाहण्याजोगी आहे. विज्ञानात सीएसआयआरची रिसर्च असोसिएटशिप आहे. आयआयटी आणि आयसरसारख्या संस्थांच्या स्वतःच्या पोस्टडॉक जागाही असतात. संसारामुळे संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-पीडीएफ ही वेगळी योजना आहे.

रकमा, तारखा आणि वयाच्या अटी बदलतात. मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्रावर विसंबू नये. त्या वर्षीचे मूळ परिपत्रक डाउनलोड करून वाचावे.

परदेशात जायचे असेल तर

हुम्बोल्ट फेलोशिपमध्ये देश किंवा विषयानुसार कोटा नाही, हे लहान विद्यापीठातल्या उमेदवाराच्या पथ्यावर पडते. फुलब्राइट-नेहरूमध्ये आठ ते चोवीस महिने अमेरिकेत काम करता येते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपची एक अट वेगळी आहे: ज्या देशात जायचे, तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून अधिक राहिलेले नसावे. भारतातून प्रथमच जाणाऱ्याला ही अट अडत नाही, उलट मदतच करते.

प्राध्यापकांच्या प्रकल्पातल्या जागाही परदेशात मोठ्या प्रमाणावर असतात आणि त्यांच्या जाहिराती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर येतात. एक खूणगाठ मात्र बांधावी: खरे विद्यापीठ पोस्टडॉकसाठी उमेदवाराकडून ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून मोठी रक्कम मागत नाही. तशी मागणी आली, तर ती फसवणूक समजावी.

नाव, गाव आणि कागदपत्रे

महाराष्ट्रातल्या उमेदवाराची खास अडचण कागदांवर असते. आपल्या गुणपत्रिकांवर बहुधा आडनाव आधी येते, पासपोर्टवर आडनावाचा वेगळा रकाना असतो आणि निबंधांवर कधी आद्याक्षरे, तर कधी पूर्ण नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांना हा गुंता जास्त छळतो. उपाय म्हणजे पहिल्या निबंधापासून एकच नाव वापरणे आणि ‘ऑर्किड’ हा संशोधकांचा मोफत ओळख क्रमांक काढणे.

गावाच्या नावाचेही तसेच. हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. शहराचे नाव २०२३मध्ये बदलले. त्यामुळे एकाच उमेदवाराच्या पदवीवर औरंगाबाद आणि पीएचडीवर छत्रपती संभाजीनगर असू शकते. परदेशी कार्यालयाला ही दोन शहरे वाटतात. सीव्हीत ‘पूर्वीचे नाव औरंगाबाद’ एवढी नोंद पुरते.

ट्रान्सक्रिप्ट, तात्पुरते पीएचडी प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र आणि यजमान संस्थेचे संमतिपत्र ही कागदपत्रे शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत. संमतिपत्रावर अनेकदा कुलसचिवांची किंवा संचालकांची सही लागते, म्हणून मुदतीच्या महिनाभर आधी हालचाल करावी.

शिफारसपत्रे तीन लागतात. पहिले गाइडचे. दुसरे-तिसरे अशा व्यक्तीचे असावे जिने उमेदवाराचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे. मोठ्या पदावरच्या अनोळखी माणसाचे कोरडे पत्र कामाचे नाही. गाइडने ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हटले, तर निदान कामाचे मुद्दे मांडून द्यावेत आणि पत्र गाइडनेच स्वतःच्या शब्दांत लिहावे, अशी विनंती करावी. अनेक ठिकाणी पत्र थेट शिफारस करणाऱ्याच्या अधिकृत ईमेलवरून मागवले जाते.

मुलाखत आणि इंग्रजीची धास्ती

मुलाखत बहुधा ऑनलाइन होते. उमेदवार वीस-तीस मिनिटे आपले काम मांडतो आणि मग प्रश्न येतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची भीती असते, पण व्याकरणाच्या चुकांवर कोणी नकार देत नाही. नकार येतो तो ‘हा प्रयोग असाच का केला?’ या प्रश्नावर गप्प बसल्यामुळे. आपले सादरीकरण मित्रांसमोर तीनदा इंग्रजीतून करून पाहिले की जीभ वळते. एखादी गोष्ट माहीत नसेल, तर ‘माहीत नाही, पण अशा रीतीने शोधेन’ हे उत्तर चालते.

उमेदवारानेही विचारावे: मुदत किती, वाढ मिळते का, निबंधावर पहिले नाव कोणाचे, आधीचे पोस्टडॉक आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या गटाची पारख होते.

पोस्टडॉक कोणी करू नये?

पोस्टडॉकनंतर कायम नोकरीची हमी नाही. निवृत्तिवेतन नाही आणि काही फेलोशिपची रक्कम हप्त्यांनी येते, ती लांबूही शकते. घर एका पगारावर चालत असेल, तर हाताशी काही महिन्यांची शिल्लक हवी. ज्याला शिकवायला आवडते आणि संशोधन फक्त पदवीसाठी केले, त्याने सेट-नेटवर लक्ष द्यावे, त्यात कमीपणा नाही. उद्योगात जाणाऱ्यालाही पोस्टडॉक प्रत्येक वेळी लागतोच असे नाही.

पण ज्याच्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘पुढील संशोधनाच्या दिशा’ हे पान केवळ रीत म्हणून लिहिलेले नाही, त्याने ते पान पुन्हा वाचावे. यजमानाला पाठवायची एक पानी संशोधन-कल्पना तिथेच अर्धी तयार असते. उरलेली अर्धी लिहून पहिला ईमेल पाठवायला पदवीदान समारंभाची वाट पाहायची गरज नाही.